फोडणीआधी पडदे उतरवा

सुरतेत, गोडादऱ्यात आम्हाला खोली मिळाली ती आमच्या ह्यांच्या पिशवीमुळे. घरमालक दारातच उभे होते. आम्ही कोण, गाव कुठलं, हे बँकेत काय करतात, मी कुठल्या शाळेत शिकवते, यातलं काही एक न विचारता त्यांनी ह्यांच्या हातातली कापडी पिशवी घेतली, नाकाजवळ नेली आणि डोळे मिटले.

"शेंगदाण्याचं तेल. तळण कमी. हिंग खडा वापरता, पूड नाही. डबा धुतलाय, पण झाकणाच्या रबरात मेथी राहिलीय." पिशवी माझ्या हातात देऊन म्हणाले, "पास. वरची खोली बघून घ्या."

मी नंतर रबर काढून पाहिलं. मेथी होती. त्या दिवसापासून मला या माणसाची थोडी भीतीच बसली.

आम्ही त्यांना काका म्हणायचो. गल्लीत त्यांना सगळे नाकवाले काका म्हणत, आणि त्यात चेष्टा होती तेवढाच मानही होता. मूळचे अमळनेरकडचे. मिसरूड फुटायच्या वयात सुरतेला आले आणि उभी नोकरी एका साड्या छापणाऱ्या मिलमध्ये केली. छपाईच्या रंगात तेव्हा रॉकेल असे. छापून झालं, सुकवून झालं, भट्टीतून काढलं, तरी कापडाला रॉकेलचा वास धरून राही, आणि असा माल व्यापारी परत पाठवत. तो वास पुरता गेला की नाही हे कुठल्या यंत्राला कळत नसे. ते काकांना कळे. ताक्याची घडी उलगडायची, दोन बोटांत कापड धरायचं, हुंगायचं आणि म्हणायचं "पास", नाहीतर "परत". एवढीच नोकरी. पण त्यांनी "परत" म्हटलेला ताका शेठच्या बापालाही बाहेर काढता येत नसे, असं ते स्वतः सांगत.

या नाकासाठी त्यांनी विडी सोडली, तंबाखू सोडली, अत्तर कधी लावलं नाही, आणि लसूण सोडला. खान्देशी माणसाने लसूण सोडायचा म्हणजे बाकी उरलं काय? काकू बिचाऱ्या रोज दोन फोडण्या करत. एक नाकासाठी आणि एक माणसांसाठी, असं त्याच म्हणायच्या. काकूंची जीभ काकांच्या नाकाइतकीच तयार होती. रागावल्या की म्हणत, "तुमनं नाक कापीसन खुटीले टांगी ठेवा, आन् मंग जेवाले बसा!"

मिलमधली एक गोष्ट काका प्रत्येक नव्या भाडेकरूला पहिल्या आठवड्यात ऐकवत. एकदा बाहेरगावचा मोठा व्यापारी माल पाहायला येणार होता, आणि मालाला वास होता. धुवायला वेळ नव्हता. शेठ म्हणाला, ऑफिसात रॉकेलचा स्टोव्ह पेटवा, त्यावर चहा ठेवा. व्यापाऱ्याला वाटेल वास स्टोव्हचा आहे. काकांना स्टोव्ह पेटवायला सांगितलं. काका म्हणाले, "वास मालाचा आणि नाव स्टोव्हचं? हे माझ्याच्याने होणार नाही." शेठने दुसऱ्याकडून स्टोव्ह पेटवून घेतला, व्यापारी चहा पिऊन माल घेऊन गेला, आणि काका पुढची सगळी वर्षं होते त्याच जागेवर राहिले. गोष्ट संपली की काका विचारत, "चुकलं का माझं?" आपण नाही म्हणायचं. मी तीनदा तरी म्हटलं असेल.

निवृत्त झाल्यावर हे नाक घरी आलं. मिलमध्ये रोज शेकडो ताके हुंगणारा माणूस घरी बसून काय हुंगणार? स्वयंपाकघर हुंगू लागला. काकांचं म्हणणं असं की स्वयंपाक पोटात जावा, पडद्यात जाऊ नये. वास हा पाहुणा आहे, आला तर पाणी विचारा, पण मुक्कामाला ठेवू नका. हे सगळं ऐकायला गोड होतं. पण वरच्या खोलीत भाड्याने राहणाऱ्या बाईला त्याचं काय काय करावं लागतं ते मला विचारा.

पहिला नियम, फोडणीआधी पडदे उतरवायचे. कापड वास पितं, असं काका म्हणत. त्यामुळे मी तेल तापत ठेवलं की आमचे हे स्टुलावर चढून पडदे काढत, गुंडाळत आणि लोखंडी कपाटात टाकत. संध्याकाळी सात वाजता आमची खिडकी उघडी पडली की समोरच्या सगळ्या घरांना कळे, बाईंची फोडणी पडतेय. हे बनियनवर असले तर तेही कळे. दुसरा नियम, लसूण चिरला की वाहत्या पाण्याखाली स्टीलच्या पळीवर बोटं घासायची. तिसरा, तळण झालं की पातेल्यात पाणी, लिंबाची सालं आणि दोन लवंगा टाकून उकळायचं. चहाची वापरलेली पत्ती वाळवून तव्यावर जाळायची, ती वेगळी. आणि दाराच्या मागे कोळशाची पुरचुंडी. मी एकदा ती चुकून धुणं वाळत घालायच्या दोरीवर ठेवली, आणि ह्यांचा बँकेचा पांढरा सदरा गेला.

एवढ्यानेही वास राहिला तर काका स्वतः वर येत. येताना ओला टॉवेल आणत. खोलीच्या मधोमध उभं राहून तो टॉवेल डोक्यावर गरागरा फिरवत. हवेतला वास ओल्या कापडाला लागतो, हे मिलमधलं ज्ञान. पाण्याचे शिंतोडे भिंतीवर, कॅलेंडरवर, माझ्या तपासायच्या वह्यांवर उडत. मग थांबून एक लांब श्वास घेत. "पास" म्हणाले की आम्ही सुटायचो. "परत" म्हणाले की टॉवेल पुन्हा सुरू.

एकदा त्यांनी टेबलफॅन उलटा करून आमच्या खिडकीत बसवला. हवा बाहेर, वास बाहेर, आपण मोकळे. चार दिवस छान गेले. पाचव्या दिवशी समोरच्या घरातला लूमवर कापड विणणारा माणूस रिकामी वाटी घेऊन दारात उभा. रातपाळी करून तो दिवसा झोपायचा, आणि आमची सगळी फोडणी थेट त्याच्या खाटेवर जात होती. चिडला नव्हता, हसत होता. "काका, रोज नुसता वास धाडतस तुम्ही. एखादी वाटी भाजी बी धाडा ना!" काकांनी मला वाटी भरून द्यायला लावली आणि फॅन काढून घेतला.

प्लेगच्या वर्षी साऱ्या सुरतेने तोंडाला रुमाल बांधले. निम्मी गल्ली गाव सोडून खान्देशात गेली. काका उघड्या नाकाने फिरत राहिले. म्हणत, "नाक बांधलं तर काय सडलंय ते कळणार कसं?" रोज सकाळी गल्लीचं एकेक गटार हुंगून महानगरपालिकेला पत्र लिहायचे, आणि ते शुद्ध मराठीत लिहून द्यायला मी. पुढे शहर झाडूनपुसून स्वच्छ झालं तेव्हा त्याचं निम्मं श्रेय त्यांनी त्या पत्रांना दिलं. उरलेलं निम्मं मला दिलं, हेही सांगायला हवं.

हे सगळं वेड मिलमधून आलं असं मी दोन वर्षं समजत होते. ते अर्धंच खरं होतं.

काकांचा मुलगा तापीपलीकडे अडाजणला राहायचा. त्याने एका गुजराती मुलीशी लग्न केलं होतं, आणि तिच्या घरी कांदा-लसूण पिढ्यानपिढ्या शिवलेला नव्हता. मुलीच्या आईने लग्नाला होकार दिला, पण एका अटीवर. त्या वेवाणबाई, म्हणजे काकांच्या विहीणबाई, उंच, सडपातळ आणि फार कमी बोलणाऱ्या. त्यांनी एवढंच विचारलं होतं की माझी मुलगी तुमच्या घरी आली तर तिला लसूण खावा लागणार नाही ना? काका म्हणाले होते, "बेन, खाण्याचं सोडा, तिला वाससुद्धा लागू देणार नाही."

शब्द दिला खरा, पण सून काही राहायला येईना. सणाला यायची, ओट्यावरच्या झोपाळ्यावर तासभर बसायची, पाणी प्यायची आणि जायची. काकूंनी घासूनपुसून ठेवलेली ताटं तशीच राहायची. ती गेली की काका स्वयंपाकघरात जाऊन भिंती हुंगायचे. आपल्याला न येणारा एखादा वास त्या पोरीला येत असेल, म्हणून ती थांबत नसेल, असं त्यांना वाटे. हे मला काकूंनी सांगितलं तेव्हा काकांच्या टॉवेलवर मी किती हसले होते ते आठवून मला वाईट वाटलं.

मग एका हिवाळ्यात मुलाला कामासाठी महिनाभर भिवंडीला जावं लागलं. सुनेला सहावा महिना. सातव्यात ओटी भरून तिला माहेरी न्यायचं ठरलं होतं, पण हा मधला महिना तिने सासरी राहावं असं तिनेच सुचवलं. वेवाणबाई कबूल झाल्या, पण जाताना सांगून गेल्या की मी येऊन बघेन, आणि लसणाचा वास आला तर त्याच रिक्षेने मुलीला घेऊन जाईन. पुन्हा पाठवणार नाही.

काकांनी घर असं काही घासून काढलं की काय सांगू. काकूंचा खलबत्ता तीन दिवस उन्हात पडला होता. घरातला लसूण बाहेर गेला. काकूंनी महिनाभर लसणावाचून जेवायचं कबूल केलं, आणि त्यांच्यासाठी ती लहान गोष्ट नव्हती. मला काकांनी हात जोडले. "बाई, एक महिना." मीही कबूल झाले.

पंधरा दिवस मी शब्द पाळला. सोळाव्या दिवशी सासूबाईंनी जळगावहून बसच्या ड्रायव्हरकडे वांगी पाठवली. भरताची, हिरवी, पांढऱ्या रेघांची, एकेक पावशेराहून मोठं. सोबत हिरव्या मिरच्या, पातीचा कांदा आणि लसणाची जुडी. आता हिवाळ्यात भरताची वांगी घरात असताना काय मी त्यांची पूजा करणार होते? मंगळवारी शाळेला सुट्टी होती. मी पडदे उतरवले, दार लावलं आणि वांगी गॅसवर भाजली. लसूण-मिरची तेलात पडली मात्र, पायऱ्यांवर पावलं वाजली.

काका दारात. ओला टॉवेल हातात, चेहरा लाल. "परत!" ते ओरडले. "बाई, परत! तुम्ही मला शब्द—"

त्यांच्या मागे, पोटावर हात ठेवून, दम खात, सून उभी होती. ती काकांकडे बघतच नव्हती. माझ्या कढईकडे बघत होती.

"ताई," ती म्हणाली, "हे काय बनावते तुम्ही? पंधरा दिवस खाली ते फिनाइल अने लिंबूचा वास येते ना, मला उलटी सारखं होते. हा वास किती सरस आहे. मला द्या ना थोडुं."

काकांच्या हातातून टॉवेल गळला.

मागोमाग काकूही वर आल्या. त्यांनी प्रकार ऐकला आणि एका वाक्यात निकाल दिला. "दोन जीवनी शे ती. डोहाळे राही ग्यात तं पोरना कान फुटतस. द्या तिले."

"अगं पण मी शब्द दिलाय!" काका म्हणाले.

"तुमना शब्द तुम्ही खा. तिले भरीत द्या."

काका पायरीवर बसले. एकीकडे दिलेला शब्द, दुसरीकडे नातवंडाचे कान. शेवटी मान वर न करता म्हणाले, "वरच्याच खोलीत. केस बांधून. आणि खाल्ल्यावर माझ्याकडे यायचं."

त्या दिवसापासून सून रोज दुपारी वर येऊ लागली. भरीत, ठेचा, लसणाची चटणी, शेवभाजी, जे असेल ते. जन्मात न खाल्लेली पोर, पण काय खायची! डोळ्यातून पाणी काढत खायची आणि "हजी आपो" म्हणत अजून मागायची. जेवण झालं की गच्चीवर काकांसमोर उभी राहायची. पळीवर घासलेली बोटं पुढे करायची. ओवा-पुदिना चावून झाला का, साडी बदलली का, केसांचा पंचा ओला होता का, सगळी तपासणी. काका दोन हातांवरून हुंगायचे. "परत. अजून दहा मिनिटं उन्हात." मग पुन्हा. "पास." ती हसत खाली जायची, आणि काकांच्या चेहऱ्यावर असं समाधान असे की वाटे, एवढ्यासाठीच हा माणूस आयुष्यभर वास घेत आला.

वेवाणबाई रविवारी येणार होत्या. त्या गुरुवारी दुपारी आल्या.

मी शाळेतून नुकतीच आले होते. सून माझ्या खोलीत मांडी घालून भरताची दुसरी वाढ घेत होती, बोटं मनगटापर्यंत भरलेली. खालून काका धापा टाकत आले. "रिक्षा! वेवाण!" एवढंच.

मग जे झालं ते मी अजून विसरले नाही. मी पळी आणली, काकांनी टॉवेल फिरवला. सुनेने माझी साडी नेसली. ओवा चावला, पुदिना चावला. काकांनी हुंगलं, "परत." हात पुन्हा धुतले. "परत." पुन्हा हुंगलं, आणि हताश होऊन म्हणाले, "केसांत बसलाय." त्या दिवशी पंचा बांधायचा राहिला होता. खाली काकूंनी विहीणबाईंना झोपाळ्यावर बसवून पाणी दिलं होतं आणि त्यांना एक अक्षर कळत नसताना अहिराणीत आपल्या माहेरच्या म्हशींची हकिकत सांगत होत्या. किती वेळ सांगणार? "मारी दीकरी क्यां छे?" अशी मुलीची चौकशी करणारा आवाज आलाच.

सुनेचे डोळे भरले. "पप्पा, मम्मी मने लई जशे. मला नाही जायचं." गेले तीन आठवडे ती त्या घरात नुसतं पाणी पिऊन जाणारी पाहुणी राहिली नव्हती. ते तिलाही कळत होतं आणि आम्हालाही.

काकांनी खोलीभर नजर फिरवली. स्वयंपाकाच्या ओट्यावर लसणाचा गड्डा होता. त्यांनी तो उचलला, हातावर चुरला, सोलायच्या भानगडीत न पडता पाच-सहा पाकळ्या एकदम तोंडात टाकल्या आणि चावल्या. मिलमध्ये लागल्यापासून लसूण न शिवलेला माणूस! चेहरा जांभळा झाला, डोळ्यांतून धारा लागल्या, नाक वाहू लागलं. उरलेला लसूण त्यांनी सदऱ्याच्या पुढच्या बाजूला खसाखसा चोळला. मग सुनेला म्हणाले, "माझ्या मागे या. बोलायचं नाही." आणि खाली उतरले.

ते थेट जाऊन झोपाळ्यावर वेवाणबाईंना खेटून बसले आणि सुनेला आपल्या पलीकडे बसवलं. वेवाणबाईंनी पदर नाकाला लावला. "वेवाई! तमे लसण खाधुं?"

"हा बेन," काका त्यांच्याकडे तोंड करून, चांगला लांब श्वास सोडत म्हणाले. "काचुं, कच्चा. वायु माटे, वातावर. रोज खातो."

काकूंच्या हातातला तांब्या पडला.

"तने त्रास नथी थतो?" वेवाणबाईंनी मुलीला विचारलं.

सुनेने पदर तोंडात कोंबला होता. हसू दाबल्याने तिचे खांदे हलत होते, आणि आईला वाटलं ती रडतेय. "थाय छे, मम्मी," ती म्हणाली. "पण पप्पा छे ने."

वेवाणबाई उठल्या. स्वयंपाकघरात गेल्या, डबे उघडून पाहिले, खलबत्त्यात वाकून वास घेतला. बाहेर येऊन त्यांनी काकांपासून चांगली चार हात लांब खुर्ची ओढली, स्वयंपाकघर पास केलं आणि वास एकट्या काकांच्या माथी मारत म्हणाल्या, "रसोडुं तो एकदम चोख्खुं छे. घरमां एकला तमे ज गंधाओ छो."

काकांनी हात जोडले. "हा बेन. एकला हुं ज."

रिक्षा रिकामीच परत गेली.

संध्याकाळी काका माझ्या पायरीवर बसले होते. नाक पार बधिर झालं होतं, तोंड अजून भाजत होतं. मी पाणी दिलं आणि मला राहवलं नाही. म्हटलं, "काका, शेठचा स्टोव्ह पेटवायला तुम्ही नाही म्हणालात. आणि आज स्वतःच स्टोव्ह झालात?"

मला वाटलं रागावतील. त्यांनी पाणी संपवलं, पेला खाली ठेवला.

"तो माल शेठचा होता, बाई," ते म्हणाले. "ही आपली पोर आहे."

नात झाली. कान उत्तम. पण काका मात्र कायमचे अडकले. एकदा रोज लसूण खातो असं सांगून बसल्यावर वेवाणबाईंच्या घरी बिनवासाचं जाता येईना. अडाजणला निघायचं म्हटलं की आधी दोन पाकळ्या चावायच्या आणि मग बस पकडायची. नातीला मांडीवर घ्यायचे ते त्याच तोंडाने. काकू म्हणत, आता खरंच नाक खुंटीला टांगलं.

आमची बदली झाली तेव्हा नात अडीच वर्षांची होती आणि आई-बापाबरोबर इथे गोडादऱ्यातच राहायला आली होती. निघायच्या आदल्या दिवशी सामान बांधता बांधता मी प्रवासासाठी ठेचा करत होते. लसूण तव्यावर पडला. खाली झोपाळ्यावर ती खेळत होती. तिने मान वर केली आणि टाळ्या पिटत ओरडली, "दादा आव्या! दादा आव्या!" आणि दुडूदुडू पायऱ्या चढून माझ्या खोलीत आजोबांना शोधू लागली, पलंगाखाली, दारामागे, बांधलेल्या बोचक्यांमागे.

काका तर खाली तिच्या शेजारीच बसले होते, आंघोळ करून, धुतलेला सदरा घालून. झोपाळ्यावरून मान वर करून ते माझ्या खिडकीकडे बघत होते. तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी पडदे उतरवायला विसरले आहे. आता "परत" ऐकू येणार म्हणून मी झारा हातात धरून थांबले. त्यांनी डोळे मिटून एक लांब श्वास घेतला आणि पायाने झोपाळ्याला झोका दिला.